हळदीपर्यंत

"बस, बस," सुमतीबाई म्हणाल्या आणि ठमाबाईचं लग्नाचं गाणं, तिचा धवला, हळदीतच तुटला.

साहेबाने पेटीसारख्या यंत्राचं बटण दाबलं. फिरणारी चाकं थांबली. ठमाबाईचा आवाज आणखी दोन शब्द एकटाच पुढे गेला. चाळीस वर्षं ती बाळकुम गावातली लग्नं धवले गाऊन लावत आली होती, पण गाताना तिला कुणी गप्प केलं नव्हतं. व्याही हातघाईवर येवोत की मांडवाला आग लागो, धवलारणीने धवला तोडायचा नसतो. गाण्यातूनच देवांना आवतण द्यायचं, हळद लावायची, अक्षता टाकून लग्न लावायचं आणि मगच तोंड मिटायचं.

"काय झाला?" तिने विचारलं.

"काही नाही, आजी. फार सुरेख झालं." सुमतीबाई ठाण्याच्या शाळेत शिकवायच्या, साहेबाचं बोलणं मराठीत सांगायला आल्या होत्या. "पण टेप थोडीच उरलीय. उद्या कल्याणला आणखी दोन गाणी घ्यायचीत. नमुन्याला एवढं पुष्कळ झालं."

ठमाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाताचा नमुना दाखवतात, मूठभर. लग्नाचा कसा दाखवायचा?

साहेब सातासमुद्रापलीकडून आला होता. बऱ्याच देशांनी मिळून म्हणे एक संस्था काढली होती आणि जगातली मरायला टेकलेली गाणी ती जपून ठेवणार होती. आपलं गाणं मरायला टेकलंय हे ठमाबाईला आज सकाळीच कळलं. तेही तिने गिळलं. पण दारात लग्न नसताना धवला गायचा कसा? नवरा-नवरीची नावं घेतल्याशिवाय तो उठतच नाही. "कुठलीही नावं घ्या की," सुमतीबाई म्हणाल्या होत्या. कुठलीही नावं घेऊन देवांना बोलवायचं, ही काय थट्टा आहे? नात बायजाचं लग्न फाल्गुनात ठरलं होतं, कोलशेतच्या गोविंदाशी. सून लक्ष्मी नको नको म्हणत असताना ठमाबाईने तीच दोन नावं घातली. मात्र आधी विचारून घेतलं होतं, "सगला घेशील ना, बाय? अर्ध्यावं थांबाचा नाय." आणि ही शिकलेली बाई हो म्हणाली होती.

"मंग आता माजे पोरीचा काय?" ठमाबाई उठून उभी राहिली. "हलद लावून तशीच ठेवलीस तिला. लगीन कोन लावल?"

"अहो आजी, हे खरं लग्न थोडंच होतं?"

"मंग माजा गाना पन खोटा?"

सुमतीबाईंनी साहेबाकडे पाहिलं. साहेब यंत्राचं झाकण लावता लावता बराच वेळ प्रेमाने काहीतरी बोलला.

"साहेब म्हणतात, अजिबात काळजी करू नका. लोखंडी कपाटात, थंडगार खोलीत ठेवतील तुमचं गाणं. शंभर वर्षं जसंच्या तसं राहील."

"शंभर वर्सां," ठमाबाई म्हणाली. "म्हंजे शंभर वर्सां माजी पोर हलदीचीच बसल."

ती काय म्हणाली, असं साहेबाने खुणेनेच विचारलं. सुमतीबाईंनी खाली बघत एवढंसं काहीतरी सांगितलं. त्यात थँक्यू होतं. सकाळपासून ऐकून ऐकून ठमाबाईला तेवढा एक शब्द कळायला लागला होता.

साहेबाचा चेहरा खुलला. त्याने ठमाबाईला वाकून नमस्कार केला.

तिने तो घेतला नाही. ती दाराकडे बघत होती. उंबऱ्यात लक्ष्मीने बायजाला घट्ट धरलं होतं आणि तिच्या कोरड्या, स्वच्छ गालांवरून पदराने ती खसाखसा काहीतरी पुसत होती.