पुलावरचा भार

लाय मिस्त्री पुलाच्या मधोमध, फळ्यांना कान लावून पालथा पडला होता. खाली नदी गढूळ होऊन चढत होती आणि काठावरून श्वे साहेब भोंग्यातून ओरडत होते, "त्या म्हाताऱ्याला उचला कुणीतरी! प्यायलाय का तो?"

"प्यायलो असतो तर तुमचं काम मला बरं वाटलं असतं," मिस्त्री पडल्या पडल्या म्हणाला.

त्याला ऐकू येत होतं ते भलतंच होतं. खालचे ओंडके सुटे सुटे वाजत होते. कट्. कट्. एकोणऐंशी वर्षांत त्याने हा आवाज ऐकला नव्हता.

या पुलात एक खिळा नाही. मिस्त्रीच्या आजोबांनी ओंडके टोपलीच्या कामट्यांसारखे एकमेकांत अडकवले, वर लाकडी घर उभं केलं, घरावर कौलं चढवली. वरून जेवढा दाब, तेवढी खालची मिठी घट्ट. मेइकंग गावातल्या शेंबड्या पोरांनाही हे ठाऊक होतं. जिल्ह्याच्या श्वे साहेबांना नव्हतं, कारण ते शिकलेले होते. वसंतात येऊन त्यांनी पुलाचं जतन सुरू केलं. जुन्या लाकडांना त्रास नको म्हणून दगडी बाकं हलवली, पुलावरच्या देवीपुढचे दारूचे रांजण हलवले, निम्मी कौलं उतरवून काठावर रचली. मिस्त्री बोलायला गेला तर त्याच्याकडे प्रमाणपत्र मागितलं. शेवटी पाटी रोवली: एका वेळी दहापेक्षा जास्त माणसांनी पुलावर जाऊ नये.

मिस्त्री उठून काठावर आला. "साहेब, भार चढवा. आत्ता. पाणी लाकडाला टेकलं की पूल टोपलीसारखा तरंगत निघेल."

"पूल मोडायला आलाय आणि त्यावर भार चढवू?"

"माझ्या आजोबांनी असल्याच पुरात डुकरं चढवली होती. एक मादी तर पुलावरच व्यायली. अकरा पिल्लं. अकराव्याची शेपटी उलटी वळलेली होती, ते मोठं होऊन पावसाचा अंदाज सांगायचं."

"याची कुठे नोंद आहे?"

"डुकरांना लिहिता येत नव्हतं, साहेब. आणि आजोबांना सवड नव्हती."

साहेबांनी पाटीकडे बोट दाखवलं. मिस्त्रीने ती सावकाश वाचली, जणू पहिल्यांदाच बघतोय. "खरं आहे," तो म्हणाला, "माणसांचं इथे काही काम नाही."

बाकं परत आणायला दोन दिवस लागले असते. डुकरं आपल्या पायांनी येतात. मिस्त्री चढ चढून निंग वहिनींच्या खुराड्याशी गेला. वहिनी दारात हात आडवे धरून उभ्याच होत्या.

"एक शेपूट मिळणार नाही. पूल गेला तर माझी डुकरं जातील."

"मीही जाईन. मी मधे बसणार आहे."

"तुम्हाला कोण खातंय, मिस्त्री?"

मिस्त्रीने नाक शिंकरलं. "बरं. पूल जाऊ दे. खालच्या गावचे लोक आकडे घेऊन उभेच असतील. ओंडके ओढून घेतील आणि आपल्या डुकरांना खुराडी बांधतील. तुमच्या आजेसासऱ्यांचं नाव आहे एका तुळईवर, शाईनं लिहिलेलं. त्याच्याखाली त्यांची डुकरं लोळतील."

"खालची?"

"खालची. रोडकी."

वहिनींनी दार उघडलं.

मिस्त्री पुढे रताळी टाकत चालला आणि मागून डुकरं आली, एकमेकांना ढुशा देत, लग्नात पहिल्या पंगतीला निघालेल्या पाहुण्यांसारखी. साहेब भोंग्यातून कायदा सांगत होते. डुकरं भोंग्यापेक्षा मोठ्याने ओरडली. गाव छत्र्या धरून बघत राहिलं, कुणाला साहेबांची भीती, कुणाला पुराची. मिस्त्री सर्वांत लठ्ठ मादीला टेकून मधोमध बसला, आणि रताळी तिला एक, स्वतःला एक अशी खाऊ लागला.

पाणी लाकडाला टेकलं. पूल एकदा हलला. वहिनींनी पदर नव्हता म्हणून बाहीच तोंडात धरली. कट्, कट्, आणि मग एक लांब कण्हणं, गुडघे धरून म्हातारं माणूस खुर्चीत बसतं तसं. त्यानंतर ओंडके गप्प झाले.

पाणी अर्धा दिवस तिथेच धडका देत राहिलं. संध्याकाळी उतरलं.

मग श्वे साहेब पुलावर आले. पँट दोन बोटांनी वर धरून, डुकरांच्या घाणीत पाय ठेवायला जागा शोधत. भोंगा काठावर राहिला होता, हातात वही होती आणि आवाज मऊ झाला होता.

"आजोबा, ही तर पारंपरिक विद्या आहे. पुलाच्या इतिहासात याची नोंद व्हायला हवी. नेमकं सांगा, काय काय होतं?"

मिस्त्रीने मादीच्या कानामागे खाजवलं. "लिहा. अठ्ठावीस डुकरं, पुलावर. एक साहेब, काठावर."

साहेबांनी अठ्ठावीस लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.