टेकडीचं नाव

वनखात्याच्या साहेबांच्या टेबलावर इंग्रजांच्या काळातला नकाशा पसरला होता. टेकडीवर बंजारा तांड्याची गुरं तेव्हापासून चरत आली आहेत, हे सेवादासला आज सिद्ध करायचं होतं. नाहीतर उद्या तिथे तारेचं कुंपण पडणार होतं.

साहेबांनी पुन्हा एकदा भिंग फिरवलं. "नाला आहे, विहीर आहे. तांडा कुठेच नाही. जुना नकाशा काढा म्हणून तुम्हीच मागे लागला होतात ना?"

सेवादास नकाशावर वाकून पाहू लागला. त्याची म्हातारी आई, ललिताबाई, दारातूनच म्हणाली, "टेकडीचं नाव तरी काय लिवलं हाय, साहेब?"

"मालमकोनी. काहीतरीच नाव! गोऱ्या साहेबानं तिथल्या एखाद्या गुराख्याला विचारलं असेल आणि तो बोलला तसं लिहून घेतलं असेल."

ललिताबाईनं तोंडाला पदर लावला, तरी हसू फुटलंच.

साहेब चिडले. "यात हसण्यासारखं काय आहे, आजी?"



"आमच्या बोलीत 'मालम कोनी' म्हंजे 'ठाऊक नाही', साहेब. म्हंजे तवाबी तिथं गुरं चारणारा आमच्याच तांड्याचा हुता. त्यानं टेकडीचं नाव नाही, आमचंच नाव सांगतलं!"