एस्त्रेयाचं शेवटचं प्रकरण

"आता शेवटचं प्रकरण घे," ओस्वाल्दो म्हणाला आणि शशिकांतने खिशातला कागद मुठीत चुरगळला.

पापाकुराच्या मैदानावर रविवारची मॅच नुकतीच संपली होती. त्यांची टीम, एस्त्रेया, चार-एकने हरली होती आणि सगळे खुशीत होते. मागच्या रविवारी सात गोल बसले होते. दक्षिण गोलार्धातली जुलैची थंडी होती, बुटांना शेर-शेर चिखल होता. बाकावर थर्मास, मटणाचं सारण भरलेल्या जाडजूड करंज्या आणि शशिकांतचा लॅपटॉप.

शशिकांत वाकणकर मूळचा कोल्हापूरचा. पेनरोजच्या एका गोदामातले कॉम्प्युटर सांभाळायचा. दोन वर्षांपूर्वी तिथला एक चिलीचा सहकारी म्हणाला, आमच्या टीमला रविवारी एक माणूस कमी पडतोय. कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघाकडून लेफ्ट बॅक खेळलेल्या माणसाला एवढं निमित्त पुरे होतं. टीममधले म्हातारे सगळे सान एलिआसचे, म्हणजे चिलीतल्या एका कोळशाच्या खाणीच्या गावचे. तिथे लष्कराने सत्ता घेतली तेव्हा जीव वाचवून इथे आले होते. येताना सामान फारसं आणता आलं नाही, म्हणून गावच्या फुटबॉल क्लबचं नाव तेवढं आणलं. एस्त्रेया, म्हणजे तारा.

ओस्वाल्दो चौऱ्याहत्तर वर्षांचा. तरुणपणी तो गावच्या क्लबचा सेक्रेटरी होता. सगळे त्याला डॉन म्हणत. आपल्याकडे 'पंत' म्हणतात तसं. क्लबला पंचाहत्तर वर्षं होणार म्हणून त्याने इतिहास लिहायला काढला. तो सांगायचा, शशिकांत टाईप करायचा. एकोणीसशे एकतीस साली बारा खाणकामगारांनी एका शिंप्याच्या दुकानात क्लब काढला. पहिल्या जर्सी पिठाच्या पोत्यांच्या होत्या. सत्तेचाळीस साली पंच आजारी पडला म्हणून पाद्रीबुवांनी शिट्टी घेतली आणि आपल्याच गावाला दोन पेनल्टी दिल्या. अठ्ठावन्नला प्रांताचं अजिंक्यपद आलं, तेव्हा खाण अर्धा दिवस बंद राहिली. शशिकांतला हे सगळं इतकं तोंडपाठ झालं, की एकदा त्याने ओस्वाल्दोलाच अडवलं, "डॉन, अठ्ठावन्नचा दुसरा गोल रिकेल्मेचा नाही, मुन्योसचा. तुम्हीच मे महिन्यात सांगितलंत." म्हाताऱ्याने चष्मा काढून त्याच्याकडे नव्याने पाहिलं होतं.

आणि आता खिशात हा कागद. जुने फोटो मिळावेत म्हणून शशिकांतने परस्परच सान एलिआसच्या वाचनालयाला ईमेल केली होती. गुरुवारी उत्तर आलं. इंटरनेटवरच्या भाषांतरातून ते मोडकंतोडकं उतरलं, पण अर्थ लागायचा तो लागलाच. ग्रंथपालबाईंनी कळवलं होतं, खाण बंद पडल्यापासून गाव रिकामं होत गेलं. गेल्या डिसेंबरात तिथली एस्त्रेयाही बंद झाली. मैदानात मेंढ्या चरतात.

तीन दिवस त्याला जेवण गोड लागलं नव्हतं. सकाळी निघताना बायको, वसुंधरा, म्हणाली, "सांगून टाक. पुस्तक छापून झाल्यावर सांगणार आहेस का?"

"डॉन," तो म्हणाला, "शेवटचं प्रकरण लिहिण्याआधी मला काही सांगायचंय." त्याने कागदच पुढे केला.

ओस्वाल्दोने चष्मा लावला, वाचलं, नीट घडी घातली. शशिकांत त्याच्या छातीकडे बघत होता; गेल्या वर्षी त्याला एक झटका येऊन गेला होता.

"मेंढ्या," ओस्वाल्दो म्हणाला. "बऱ्या दिसत असतील." आणि तो चक्क हसला.

"तुम्हाला माहीत होतं?"

म्हाताऱ्याने पायाशी ठेवलेल्या पिशवीतून एक बाडच काढलं. कातडी बांधणी, कडा कुरतडलेल्या. त्याने शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. एकाखाली एक दहा सह्या होत्या. शाई नवी होती.

"क्लबची सभासदवही. शेवटच्या सेक्रेटरीने मला पोस्टाने पाठवली. ग्रंथपालबाई हुशार असतील, पण त्यांनी क्लबची घटना वाचलेली नाही. कलम सोळा. अकरा सभासद जिथे सही करतील तिथे क्लब. आम्ही सान एलिआसचे इथे दहाच उरलोय."

"आणि टीममधले बाकीचे?"

"ते चांगले आहेत. खेळायला येतात, घरी जातात. मुन्योसच्या गोलावरून माझ्याशी भांडणारा एकच आहे."

"मी तर सान एलिआस पाहिलेलंही नाही," शशिकांत म्हणाला.

"म्हणूनच तीन आठवडे वही पिशवीत घेऊन हिंडतोय. तू नाही म्हणालास, तर क्लब माझ्या हातांत बुडणार. विचारायचा धीर होत नव्हता."

शशिकांतने पेन घेतलं. घाईत सही मराठीतच झाली. ओस्वाल्दोने ती अक्षरं जवळून पाहिली, लांबून पाहिली आणि शाई वाळावी म्हणून हळूच फुंकर घातली.

तेवढ्यात मैदानाच्या त्या टोकाला आरडाओरडा झाला. नऊ म्हातारे मघापासून गोलाची जाळी सोडण्याचं नुसतं नाटक करत इकडेच बघत होते. आता ते एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

"काय म्हणतायत?" शशिकांतने डोळे पुसत विचारलं.

"कलम सतरा," ओस्वाल्दो वही मिटत म्हणाला. "जाळी नव्या सभासदाने सोडायची. पंचाहत्तर वर्षांत एकालाही माफी नाही."