काचेवरचं धुकं

निशिगंधाचा उपग्रह वर गेला, पण ती त्याआधीच दम्याने गेली होती. उपग्रहाचा एक कॅमेरा खाली ढगांकडे बघायचा, दुसरा वर ताऱ्यांकडे.

तिच्यासोबत काम करणारा भूपेश दुपारी तिच्या आईकडे, शांती नगरच्या घरी आला.

"काकू, ताऱ्यांच्या कॅमेऱ्याची काच सारखी धुरकट होतेय. तिथे तर हवाच नाहीये."

ममताबाईंनी लॅपटॉपवर एकामागोमाग येणारे फोटो बघितले. दोनदा पुसटसं धुकं, मग एकदा दाट. लेकीच्या उशाशी बसून त्यांनी याच लयीतले श्वास ऐकले होते, दोन उथळ, मग एक खोल.

"पंप घे गं बाळा," त्या पुटपुटल्या.

धुकं विरत गेलं. तारे लख्ख दिसू लागले.

"झाली साफ!" भूपेश आनंदाने ओरडला.

ममताबाईंनी स्क्रीनवर हात ठेवला. "पुन्हा नको जाऊस गं."