शासनमान्य नवरी

मंजुळाच्या खुर्चीत कुणीच नव्हतं.

बाकीच्या खुर्च्यांत नवऱ्या बसल्या होत्या. म्हणजे पोरीच, कुणाची बहीण, कुणाची नणंद. धुळ्यातल्या त्या शाळेच्या वर्गात पावडरीचा ढग उतरला होता. परीक्षक प्रमिलाबाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग मंजुळाकडे.

"बाई, मॉडेल स्वतःचं आणायचं असतं. नियम आहे. नसेल तर पुढच्या वर्षी या."

मॉडेल ठरलेलं होतं. शिंदखेड्याची चुलतबहीण पहिल्या एसटीनं येणार होती. एसटी आली, बहीण आली नाही. तिच्या सासूला कळलं असणार, दुसरं काय.

मंजुळाचे हात मेलेल्या बायकांचे होते. दोंडाईच्याजवळच्या तिच्या गावात नवरा मागे ठेवून बाई गेली, की तिला नवरीसारखी सजवून काढतात. हळद, मळवट, हिरवं लुगडं, चुडा. जाऊ बाळंतपणात गेली तेव्हा सगळ्यांचे हात थरथरत होते, मंजुळाचे थरथरले नाहीत. झालं! तेव्हापासून घरोघरचं बोलावणं. मंजुळाचा हात लागला की बाई हसते, असं गाव म्हणायचं. आणि लग्नघरात तोच हात नवरीच्या हनुवटीपाशी गेला, की आई पोरीला उठवून आत न्यायची.

म्हणून हा ब्युटी पार्लरचा शासनमान्य कोर्स. सर्टिफिकेट आलं की परवाना, परवाना आला की दोंडाईच्याला पाटी. सरकारचा शिक्का बघितला की भुतंसुद्धा रांगेत उभी राहतात, असा तिचा हिशेब. एकदा तरी जित्या नवरीला हात लावायचा होता तिला.

"सरक व पोरी. मी बसस."

मंजुळानं वळून पाहिलं. गावची ताईमाय. सत्तरी ओलांडलेली, पदर डोक्यावर. तिचा नवरा, रुपचंद आबा, शाळेसमोरच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यापासून दम्यानं पडलेला.

वर्गात खसखस पिकली. प्रमिलाबाईंनी चष्मा वर केला. "आजी, इथं नवरीचा मेकअप आहे."

"मंग? मी काय म्हातारीच जलमनू का?"

नियमात वयाचं काही नव्हतं. ताईमाय खुर्चीत बसली.

"माय, तू आठे कशी?" मंजुळा कानाशी म्हणाली. "आबानी तब्येत कशी शे?"

"निवांत पडेल शेतस. खोकला बी नही आते. पोरेसले सांगी वनू, चहा पेवाले जास. तू कर तुनं काम."

ताईमाय मंजुळाचं जुनं गिऱ्हाईक. गावात कुणाला सजवून झालं, की ती हळूच जवळ यायची. "मना नंबर लागना का मोठं कुंकू लावजो बरं." एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी तिनं ती जागा धरून ठेवली होती. आबांच्या आधी जायचं, एवढाच तिचा हट्ट.

मंजुळानं चेहरा पुसून घेतला. तिचा डावा हात आपोआप ताईमायच्या मानेखाली गेला.

"मान कशाला धरता?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "त्या धरतील स्वतःची."

मंजुळानं हात काढला. मान कलली नाही. पापण्या बोटाखाली फडफडत होत्या. गाल ऊन होता. मेलेला चेहरा पावडर निमूट घेतो. हा घाम सोडत होता, बोलत होता, मध्येच गिळत होता. आणि मंजुळाचे हात आयुष्यात पहिल्यांदा थरथरले.

"भिऊ नको व," ताईमाय म्हणाली. "मी शे ना."

काजळ झालं. हळद झाली. मळवट भरला. मधोमध मोठं कुंकू, सांगून ठेवलेलं. मंजुळानं आरसा धरला.

ताईमायनं इतका वेळ पाहिलं, की बाजूच्या पोरींचं हसणं थांबलं. तिनं गळ्यातले काळे मणी पदराबाहेर काढून नीट छातीवर ठेवले.

"आशी दिसस तर मी," ती म्हणाली.

"सुंदर," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि ते मनापासून होतं. "आता काढा. शेवटचा भाग तोच. कापूस घ्या, कपाळापासून सुरुवात. चेहरा मोकळा केल्याशिवाय मला कुणाला पास करता येत नाही."

सगळ्या टेबलांवर कापूस फिरू लागला. नवऱ्यांच्या पुन्हा पोरी होऊ लागल्या. मंजुळानं कापूस भिजवला, ताईमायच्या कपाळाशी नेला.

ताईमायनं तिचं मनगट धरलं. तो हात मात्र गार होता, मंजुळाच्या चांगल्या ओळखीचा गारठा.

"पहाटे गयात तुना आबा," ताईमाय अगदी हळू म्हणाली. "पोरं गाडी करी ऱ्हायनात. गावले बठ्ठ्या बाया मनं कुंकू पुसाले बसेल शेतस. तोपावत ऱ्हाऊ दे. मना नशीबमां तुना हात एवढाच."

खिडकीतून दवाखान्याचं फाटक दिसत होतं. फाटकाशी मॅटाडोर उभी होती. ताईमायचा थोरला इकडे तिकडे आईला शोधत होता.

रुमाल टाकून धरलेल्या जागेवर आबा जाऊन बसले होते.

"मंजुळाबाई, वेळ संपतेय. कपाळ."

मंजुळानं कापूस टेबलावर ठेवला. ताईमायचा पदर तिनं कुंकवाच्या जरा वर, नीट सारखा केला.

"मॅडम, लावायचं सगळं येतं मला," ती म्हणाली. "पुसायचं येत नाही."