लेप लावलेला हात

दामिनीने कोपरापर्यंत लेप चोपडला आणि हात जाळीच्या पिंजऱ्यात घातला. आत प्रयोगशाळेतच वाढवलेले, रात्रभर उपाशी ठेवलेले शंभर मादी डास होते. शेजारच्या तशाच पिंजऱ्यात सौरवने आपला उघडा हात घातला. तो तिच्याच विभागातला संशोधक. तुलनेसाठी कोणाचा तरी बिनलेपाचा हात लागतोच, आणि चिठ्ठी नेमकी त्याच्या नावाची निघाली होती.

"घड्याळ लावलंय," विभागप्रमुख शोभाताई कोरडेपणाने म्हणाल्या. "तासाभरात दोनपेक्षा जास्त चावे पडले, की विषय बदलायचा. मागेच सांगितलंय."

सांगितलं होतं खरं. तीन वर्षं दामिनी या लेपामागे हात धुऊन लागली होती. उमरेडजवळच्या गावात तिचे वडील गोचीड लागू नये म्हणून बैलांना निर्गुडी नि करंजतेल लावत. तेच माणसाला डासांपासून वाचवील, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मागच्या चाचणीत एकेचाळीस चावे पडले. हात टम्म सुजला आणि ती जिन्यात बसून रडली. या वेळी लेपात गवती चहाचा अर्क वाढवला होता. संधी मात्र शेवटची होती.

"बाप्पा! तोडून राहिले ना हे मले!" सौरव ओरडला. दहाव्या मिनिटाला त्याची सुटका झाली, तोवर छत्तीस चावे मोजून झाले होते.

दामिनीच्या पिंजऱ्यात एकही डास हलेना. सगळे वरच्या जाळीला गुमान बसून होते.

"लेपाच्या वासानंच झिंगले वाटते," सौरव हात खाजवत म्हणाला.

अर्धा तास झाला. एकही चावा नाही. शोभाताईंनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, पुन्हा पुसला. पंचावन्न मिनिटं झाली तेव्हा दामिनीला श्वास घ्यायचीही भीती वाटू लागली.

"साठ!"

विभागात ज्या बाईला हसताना कोणी पाहिलं नव्हतं, तिने दामिनीला चक्क मिठी मारली. लेप साडीला लागला तरी तिला त्याचं काही नव्हतं. "मी अहवाल आत्ताच पाठवते. पुढच्या महिन्यात शंभर घरांत वाटू."

दामिनीने वडलांना फोन लावला. "बाबा, एकही नाही चावला!"

"मंग? मी काय सांगून राहिलो होतो?" पलीकडून आवाज आला. "माहे बैल काय खोटं बोलतेत काय?"

दामिनीचा आनंद पोटात मावेना. संत्रा बर्फीचा डबा घेऊन ती डास वाढवायच्या खोलीकडे पळत सुटली. तिथले गणपतराव अठ्ठावीस वर्षं डासांना साखरपाणी देत आले होते. त्या दिवशी जिन्यात तिच्यासाठी पाण्याचा गिलास त्यांनीच आणला होता.

"काका, पास झालो आपण!" ती त्यांच्या पाया पडली.

"होनारच होती तू." गणपतरावांचे डोळे भरून आले. "मागच्या खेपेले केवढा सुजला होता तुहा हात! मले पाहावलं नाही वं पोरी. म्हणून आज सकाळीच, तू यायच्या आंधी, तुह्या पिंजऱ्यातल्या साऱ्यायले माह्या हातावर पोटभर जेवू घातलं."