अर्धं मिनिट मागे

"अगं, चहा टाकतेस का जरा?" बाबा म्हणाले, आणि आई उठली.

टीव्हीवर फुटबॉलची मॅच होती, चेंडू अजून मैदानाच्या मध्यात होता. आई स्वयंपाकघरात गेली, चेंडू गोलात उभ्या धाकट्या मुलाच्या अंगावरून जाळ्यात गेला, आणि मागोमाग जाहिरात लागली. एक बाई ओंजळीत साबणाचा फेस घेऊन हसत होती. आई कप घेऊन आली तेव्हाही तीच बाई हसत होती.

"झालं! आई आली की साबण," थोरली म्हणाली. "बाबा, जाहिरात चालू असताना नाही का हो तुम्हाला चहा आठवत?"

"तहान काय घड्याळ बघून लागते?"

तहान असती तर निदान चहा प्यायले असते. बाबा कप घेत, बाजूला ठेवत, आणि त्यावर यथावकाश साय धरत असे.

थोरलीचं चष्म्याचं दुकान होतं. मॅच असली की दुकान मदतनिसाच्या गळ्यात मारून ती आईकडे येई. धाकटा, म्हणजे तिचा भाऊ, शहराच्या संघाचा गोलकीपर. मैदानावर जाऊन आईनं त्याला एकदाच पाहिलं होतं. त्या दिवशी चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला, आणि मागच्या रांगेतल्यांनी त्याचा असा काही उद्धार केला, की दोन दिवस आईच्या घशाखाली घास उतरला नाही. तेव्हापासून मॅच घरी, टीव्हीवर, फुकटच्या ॲपवर. फुकट म्हणजे अर्थातच जाहिरातींसकट.

"पैसे भरून वरचं पॅकेज घेऊ या ना," थोरली म्हणाली. "साबण नको, शाम्पू नको. शिवाय हे फुकटवालं अर्धं मिनिट मागे असतं. मैदानात झालेलं आपल्याला उशिरा कळतं."

"अर्ध्या मिनिटानं कुणाचं काय बुडतं?"

"मी भरते पैसे."

"प्रश्न पैशाचा नाही."

"मग कशाचा?"

बाबा मोबाइलकडे वळले. कारखान्याचं स्टोअर सांभाळून ते निवृत्त झाले होते. साधा खिळा द्यायचा तरी चार वेळा कारण विचारत. स्वतः कारण द्यायची पद्धत मात्र त्यांच्याकडे नव्हती.

"आई, तू तरी बोल. एक मॅच धड बघायला मिळत नाही तुला."

"माझं बरं चाललंय," आई म्हणाली. "आपल्या टीव्हीवर माझ्या डोळ्यांदेखत पोरावर एकही गोल झालेला नाही."

"होईल कसा? तू ओट्यापाशी असतेस!"

उपांत्य सामन्याला बाबा नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. मांडीवर मोबाइल, कानात इअरफोन. बातम्या ऐकतो, असं त्यांचं म्हणणं. चार्जर शोधत थोरली खुर्चीमागे गेली आणि तिथंच थबकली. टीव्हीवर साबणवाली हसत होती. बाबांच्या मोबाइलवर मात्र मॅच चालू होती. बिनजाहिरातीची. पैसे भरलेली.

ती तरातरा स्वयंपाकघरात गेली.

"स्वतःला पैसे भरून घेतलंय, आणि आपल्याला साबण! वर हुकूम आहेतच. चहा टाक, खिडकी लाव, माझा चष्मा शोध. चष्मा नाकावर होता त्यांच्या, आई!"

"हळू बोल."

"का हळू? एवढा कसला स्वार्थ माणसाला?"

"असू दे गं," आई साखरेचा डबा बंद करत म्हणाली. "आणि त्यांना यातलं काही विचारायचं नाही. सांगून ठेवते."

थोरलीनं विचारलं नाही. फक्त अंतिम सामन्याच्या सकाळी तिनं स्वतःच्या पैशानं वरची सेवा घेतली आणि टीव्हीवर लावून ठेवली. निदान आजची मॅच तरी आई पहिल्यापासून शेवटपर्यंत बघेल, जाहिरातीशिवाय.

आणि बघितलीही. धाकट्यानं दोन चेंडू अडवले, त्यातला दुसरा तर बोटांच्या टोकांनी. आईनं थोरलीचं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली. थोरलीचे पैसे तिथंच वसूल झाले. बाबांची नजर मोबाइलवरून हलली नाही. जाहिराती गायब झाल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मॅच संपत आली. कोपऱ्यातून चेंडू आला. धाकटा गर्दीत झेपावला, चेंडू त्याच्या हातमोज्यांत आला, निसटला आणि सावकाश घरंगळत जाळ्यात गेला.

धाकटा गवतावर बसला. कॅमेरा पार त्याच्या चेहऱ्यापाशी गेला.

"अगं, चहा टाकतेस का..." म्हणत बाबांनी मान वर केली. मोबाइलवर धाकटा होता. टीव्हीवरही धाकटाच होता. दोन्हीकडे तो एकाच वेळी चेहरा झाकून घेत होता.

बाबा धडपडत उठले आणि टीव्हीला पाठ लावून आईसमोर उभे राहिले. अंगानं बारीक माणूस. टीव्ही दोन्ही बाजूंनी दिसतच होता.

"जा ना गं," ते म्हणाले. "लवकर टाक ना चहा."

थोरलीनं त्यांच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. रिमोट कुठं लपवावा ते तिला कळेना.

आई जागची हलली नाही.

"बसा," ती म्हणाली. "आज उशीर झाला तुम्हाला."

"तुला ठाऊक होतं?"

"तुमचा जीव एवढा वरखाली व्हायचा, म्हणून उठत होते." तिनं त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. "आपल्या ओट्यासमोरच्या खिडकीतून पलीकडच्यांचा टीव्ही दिसतो. सगळे गोल पाहिलेत मी तिथून."